बुडीत खातं

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसानं कलेविषयी लिहावं की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. आमच्या घरात तेवढेही नाहीत. लिहू नये, असं सर्वानुमते ठरलेलं आहे. तरी लिहितो. कारण सगळ्या जगाला कलेचा गंध असतो आणि बँकवाल्याला तेवढा नोटांचाच, हा जो समज लोकांनी करून घेतला आहे तो खरा नाही. एकतर नोटांना वास चांगला नसतो. दुसरं असं की, आम्ही दिवसभर जे शिकतो ते कलेच्या फार जवळचं असतं. कोणाचं खातं, कोणाची सही, कोणी भरले आणि कोणी काढले, एवढं चोख बघायची सवय लागली की माणूस नाटक-सिनेमाही त्याच नजरेनं बघू लागतो. बी.कॉम.ला आम्हाला कालिदास नव्हता. पण प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, हे मात्र होतं. पुष्कळ समीक्षकांना कालिदास असतो आणि हे नसतं.

तर माझं म्हणणं प्रभातच्या 'संत तुकाराम' या बोलपटाबद्दल आहे. १९३६ सालचा हा चित्रपट. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सगळं शाळेच्या सामान्यज्ञानात येऊन गेलेलं आहे. सामान्यज्ञानात गेलेली गोष्ट सहसा कोणी बघत नाही. मी बघितली. एकदा नाही, चार-पाचदा. आता तर तो फोनवरसुद्धा दिसतो. खिशातून वैकुंठगमन बघायची सोय झाली आहे आणि मध्येच जाहिरात आली तर इंद्रायणी पाच सेकंद थांबतेही.

या चित्रपटाची गंमत अशी की, तो नक्की कोणाचा, हे एका नावात सांगता येत नाही. आमच्या भाषेत बोलायचं तर हे जॉइंट अकाउंट. प्रभात कंपनीच मुळी १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी काढलेली. पाच जणांची भागीदारी, आणि तीही मराठी मुलखात! चमत्कारांची मोजदाद तिथूनच सुरू करायला हवी. कंपनी १९३३ साली पुण्याला आली. पाचांतले दोघे या चित्रपटाचे दिग्दर्शक: विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. फत्तेलाल मुळात चित्रकार, त्यांना सगळे 'साहेबमामा' म्हणत. दामल्यांचा हात यंत्रात आणि ध्वनिमुद्रणात. म्हणजे देहूची घरं, ओसऱ्या आणि विठोबाचं देऊळ उभं करायला ज्यांची नजर लागली ते फत्तेलाल, आणि त्या देवळातला आवाज आपल्यापर्यंत नीट पोचावा म्हणून ज्यांचे कान लागले ते दामले. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले होते.

आणि संगीत केशवराव भोळ्यांचं. हे गृहस्थ मुंबईला आले होते डॉक्टर व्हायला. झाले 'एकलव्य' या नावानं गाण्यावर लिहिणारे समीक्षक. आणि मग चाली लावायला बसले. समीक्षकाला चाली लावायला बसवावं, यापेक्षा कडक शिक्षा फौजदारी कायद्यात नाही. पण भोळ्यांनी ती शिक्षा अशी भोगली की पुढच्या समीक्षकांची तोंडं बंद झाली.

आता बघा, चित्रकार, यंत्रज्ञ, लेखक, नट आणि माजी समीक्षक एका खोलीत बसले आहेत. साधारण अशा खोलीत काय होतं हे ज्यांनी सोसायटीच्या गणेशोत्सवाची मीटिंग बघितली आहे त्यांना सांगायला नको. इथं मात्र प्रत्येकानं आपली कला थोडी कमी केली. सेट असा की, सेट वाटत नाही. चाली अशा की, कोणी 'वाहवा' म्हणत नाही, गुणगुणायला लागतो. पागनीस असे की, आज कित्येक तसबिरींतले आणि कॅलेंडरांवरचे तुकोबा पागनिसांसारखेच दिसतात. सतराव्या शतकातल्या माणसानं विसाव्या शतकातल्या नटासारखं दिसावं, याला हिशेबात 'मागील तारखेची नोंद' म्हणतात. आमच्याकडे तिच्याबद्दल मेमो मिळतो.

या सगळ्यात मला, कारकून म्हणून, सर्वांत आवडतो तो सालोमालो. हा गावचा कीर्तनकार बुवा. अभंग तुकोबांचे, पण हा त्यातलं 'तुका म्हणे' काढून स्वतःचं नाव घालतो आणि वर, तुकारामानंच माझे अभंग चोरले, अशी हाकाटीही करतो. हा इसम केवळ सिनेमावाल्यांनी रचलेला नाही. गाथेतही त्याचं नाव येतं. पण सिनेमात भोळ्यांनी त्याला शिक्षा केली आहे ती न्यायाधीशालासुद्धा सुचली नसती. एकच अभंग तुकारामाच्या तोंडी आहे आणि सालोमालोच्याही. शब्द तेच. तुकाराम गातो तेव्हा तो देवाशी बोलतोय असं वाटतं. सालोमालो गातो तेव्हा तो समोरच्या बिछायतीकडे बघून मुरके घेतो, ताना फेकतो आणि प्रत्येक तानेनंतर, पाहिलंत ना, अशा नजरेनं पाहतो. संवादाचं एक वाक्य न वापरता चोरी सिद्ध! सही तंतोतंत जुळत असतानासुद्धा, हा खातेदार नव्हे, हे काउंटरवरच्या जुन्या माणसाला कळतं, त्यातलाच हा प्रकार. हे केवळ लेखकाला जमलं नसतं आणि केवळ संगीतकारालाही नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, चेहरा तिसऱ्याचा आणि तो कुठून दाखवायचा हे चौथ्याचं, असे चौघे मिळाले तेव्हा कुठे हा पंचनामा पुरा झाला.

याच्या उलट बाजूची नोंद आहे ती शांताराम आठवल्यांची. 'आधी बीज एकले' हे या चित्रपटातलं पद आठवल्यांनी लिहिलं. ते इतकं बेमालूम उतरलं की, अनेकांनी ते तुकोबांचंच समजून टाकलं. अजूनही भजनात कोणी तुकोबांचा अभंग म्हणून ते सुरू करतात आणि टाळकरी झेलतात. आता हे दोन व्यवहार शेजारी ठेवून बघा. सालोमालोनं तुकोबांच्या खात्यातून खोट्या सहीनं रक्कम काढली. आठवल्यांनी तुकोबांच्या खात्यात स्वतःची रक्कम भरली आणि पावतीसुद्धा मागितली नाही. पहिल्याचं नाव चोर म्हणून राहिलं. दुसऱ्याचं नाव राहिलं नाही असं वाटतं. पण पद राहिलं. कलेत एकत्र काम करायचं म्हणजे काय, यावर परिसंवाद भरतात, चहा-बिस्किटं होतात. माझ्या मते या दोन नोंदींत सगळं आलं. आपली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात भरायची तयारी असेल त्यानं यावं. काढायला येणाऱ्यांची रांग निराळी.

पण कोणी म्हणेल, हे सगळं ठीक. याचा उपयोग काय?

हा प्रश्न आमच्या बँकेतच विचारतात असं नाही. तो याच चित्रपटात विचारलेला आहे आणि विचारणारी बाई कोणी अडाणी अडथळा म्हणून दाखवलेली नाही. तुकोबांची बायको जिजाई! गौरी नावाच्या, तोवर मोठं नाव नसलेल्या नटीनं हे काम असं काही केलं आहे की, तुकाराम बघायला गेलेला माणूस जिजाई बघून परत येतो. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, म्हैस दारात, आणि नवरा अभंग करतोय. मिळालेला ऊस वाटेतल्या पोरांना वाटून हा घरी येतो. शिवाजीमहाराजांचा नजराणा आला तर तोही परत! आणि मूल आजारी पडतं तेव्हा ही बाई त्याला फरफटत देवळात नेते आणि विठोबावर पायताण उगारते. जगातल्या कुठल्याही समीक्षकानं कलेला याहून रास्त प्रश्न विचारलेला नाही. आमचे ऑडिटरसुद्धा फार तर लाल शाई उगारतात.

इथं माझं या चित्रपटाशी थोडं भांडण आहे. जिजाईच्या प्रश्नाला चित्रपट उत्तर देतो ते चमत्कारानं. १९३६ सालच्या मानानं त्या करामती थक्क करणाऱ्या असतील. पण एकाचे अनेक शिवाजी दिसले, वैकुंठाहून विमान आलं, तरी जिजाईचा प्रश्न जागेवरच राहतो. मूल बरं झालं, छान झालं. पण ज्यांच्या घरी चमत्कार होत नाहीत त्यांनी काय करायचं? थकबाकीदाराला लॉटरी लागली, ही काही कर्जवसुलीची योजना नव्हे. सुदैवानं चित्रपटानं खरं उत्तर दुसरीकडे देऊन ठेवलं आहे. ते चमत्कारात नाही; जिजाईवर तुकाराम कधी रागावत नाही आणि ती त्याची भाकरी घेऊन डोंगरापर्यंत शोधत जाते, त्यात आहे. ती प्रश्नही सोडत नाही आणि भाकरीही. दिग्दर्शकांनी दोघांना सारख्याच मायेनं बघितलं, म्हणून मला वाटतं हा संतपट राहिला. नाहीतर आरतीनंतर उठून जावं असा सिनेमा झाला असता.

आता सिनेमा जरा बाजूला ठेवून तुकोबांच्या खातेवहीकडे बघू. कारण तिथं या उपयोगाच्या प्रश्नाचा पुरा ताळेबंद मिळतो. तुकोबा वाण्याचा व्यवसाय करणारे. घरी सावकारीही होती. म्हणजे आमच्याच धंद्यातले. दुष्काळ पडला, पहिली बायको अन्नावाचून गेली, व्यापाराचं दिवाळं निघालं. मग, परंपरा सांगते, त्यांनी घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. कर्जमाफीची ही नोंद आमच्या एकाही प्रशिक्षणवर्गात सांगत नाहीत, हे बरंच आहे. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवायची पाळी आली. त्याही त्याच नदीत गेल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले आणि वह्या वर आल्या, असं आपण ऐकत आलो.

एकच नदी. दोन ठेवी. व्याज देणारी, तारण असलेली, सहीशिक्क्यांची खतं बुडाली ती बुडालीच. ती वर यावीत म्हणून कोणी काठावर बसलं नाही. आणि ज्यांना बाजारात दमडीही आली नसती त्या वह्या वर आल्या. कशा आल्या? भाविक म्हणतात, देवानं तारल्या. कारकून म्हणून मला त्यातली दुसरी हकिगतही तितकीच पटते: वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडात होते. चाकणचे संताजी जगनाडे, तेलाचा घाणा चालवणारे, तुकोबांचे अभंग लिहून घेत; बुडालेले त्यांनी पुन्हा उतरवले, असं परंपरा सांगते. टाळकऱ्यांच्या गळ्यात, मृदंगाच्या बोलात, दळणाऱ्या बायांच्या ओठांत त्या अभंगांची नक्कल निघालेली होती. आज गाथेत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. आमच्याकडे कोअर बँकिंग आल्यापासून साहेब सांगतात की, माहिती एका जागी ठेवायची नसते, चार ठिकाणी ठेवायची, म्हणजे एक बुडालं तरी चालतं. देहूच्या लोकांनी ते साडेतीनशे वर्षांपूर्वी, विजेशिवाय केलं होतं.

म्हणून मला वाटतं, कला एकट्यानं करायची गोष्ट आहे हे म्हणणं निदान आपल्या मुलखात तरी टिकणारं नाही. लिहिणारा एकटा असेल. पण ज्याला गाणाऱ्यानं उचललं नाही, वाजवणाऱ्यानं धरलं नाही आणि ऐकणाऱ्यानं घरी नेलं नाही, ते वहीतच राहतं, आणि वही केव्हाही बुडते.

हे सगळं मला पुस्तकात सापडलं असतं तर मी विसरलो असतो. पण ते आमच्या शाखेत घडलं. शाखेचा वर्धापनदिन होता आणि वरून आदेश आला की, 'सांस्कृतिक कार्यक्रम करावा.' खर्चाची मर्यादा अशी की, त्यात संस्कृतीचा पहिला शब्दही बसला नसता. आम्ही अभंगांचा कार्यक्रम ठरवला. गायला आमचे वसुली अधिकारी. दिवसा ज्या आवाजानं ते थकबाकीदारांना उठवतात तोच आवाज संध्याकाळी फार गोड लागतो. क्लिअरिंगमधल्या ताई कथक शिकलेल्या. त्यांनी एका अभंगावर नाचायचं कबूल केलं. हेड कॅशिअर टाळ धरणार. नोटा मोजून मोजून त्यांची लय अशी पक्की झाली आहे की, शंभर झाले की ते आपोआप थांबतात. पखवाज आमचे शिपाईमामा वाजवणार होते. ते स्कूटरवरून पडले आणि हात गळ्यात आला.

"माझ्या गावचे बुवा आहेत, त्यांच्यासारखा हात तालुक्यात नाही," मामा म्हणाले आणि जरा थांबून म्हणाले, "फक्त साहेब, ते आपले थकबाकीदार आहेत."

पीककर्ज. दोन हंगाम गेले, हप्ता नाही. खातं रीतसर बुडीतांच्या यादीत. साहेबांनी त्यांच्या दारात सहा फेऱ्या घातल्या होत्या आणि सहाही वेळा बुवा 'शेतात' होते. शेतात जाऊन पाहिलं तर 'घरी'. आता वसुली करणारा गाणार आणि बुडवणारा साथ करणार, ही जोडी मंचावर बसवायची कशी? पण मामांनी निरोप धाडला आणि ठरल्या दिवशी बुवा खांद्यावर पखवाज घेऊन शाखेच्या दारात उभे. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघं समोरासमोर आलेले. अख्खी शाखा काम सोडून बघत होती. तशी ती एरवीही बघत असते, पण या वेळी कारण होतं.

बुवांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, हप्त्याचं आपण मागनं बोलू. आधी तुमची पट्टी कंची ते सांगा. वाद्य लावाया येळ लागतो."

तालमीत पहिला अर्धा तास भांडणात गेला. ताईंचा हिशेब सोळा मात्रांचा, बुवांचा भजनी ठेका आठांचा. ताई म्हणाल्या, "माझी तिहाई बरोबर समेवर यायला हवी." बुवा म्हणाले, "ताई, तुम्ही खुशाल नाचा. सम मी आणून ठेवतो तुमच्या पायाखाली." शेवटी कॅशिअरांनी चष्मा वर करून निवाडा दिला, "आठ दुणे सोळा. तेरीज जुळते. सुरू करा." आणि जुळलं. साहेबांना एक लांब तान घ्यायची फार हौस होती. नाच सुरू झाल्यावर त्यांनी ती आपणहून सोडली. मला त्या क्षणी सेंट्रल सिनेमात बसल्यासारखं वाटलं. सालोमालो ती तान सोडू शकला नसता.

कार्यक्रम झाला. झकास झाला. आता वाचकांची अपेक्षा असणार की, दुसऱ्या दिवशी बुवांनी सगळी थकबाकी भरली. नाही भरली. आमच्या शाखेला विमान येत नाही. पण आठ दिवसांनी साहेब त्यांच्या गावी गेले तेव्हा बुवा शेतात नव्हते, घरी होते. पाट मांडला, चहा झाला, सातबारा निघाला, पावसानं काय काय नेलं ते निघालं आणि कर्जाच्या पुनर्रचनेचा अर्ज साहेबांनीच स्वतःच्या हातानं भरून घेतला. बुवांनी सही केली. खातं अजून बुडीतांतच आहे. पण आता बुवा शाखेत येतात, लपत नाहीत आणि मामांचा हात बरा झाला का ते विचारून जातात.

कलेनं कर्ज फिटत नाही, हे मी बँकेतला माणूस म्हणून लिहून देतो. पण कर्जानं माणूस तोंड चुकवायला लागतो आणि कला त्याला पुन्हा तोंड दाखवायची जागा देते. तीही एकट्याला नाही. ज्याचं देणं आहे त्याच्या शेजारी, एकाच सतरंजीवर, एकाच समेला. हा उपयोग कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला ठाऊक नाही. जिजाईला मात्र तो पटला असता, असं वाटतं.

रकान्याचा प्रश्न पुढे उभा राहिलाच. ऑडिटर आले आणि त्यांना कार्यक्रमाच्या खर्चात एक किराणा दुकानाचं बिल सापडलं: 'कणीक, अर्धा किलो.' पखवाजाच्या धुमेला कणीक लावावी लागते, तेव्हाच तो बोलतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. व्हाउचर मीच केलेलं होतं आणि खर्च 'दुरुस्ती व देखभाल' या खात्यात टाकला होता.

"दुरुस्ती?" ऑडिटरांनी लाल पेन वर धरून विचारलं. "कणकेनं कशाची दुरुस्ती केलीत?"

"शाखेची," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग बिलावर बरोबरची खूण केली आणि हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी कार्यक्रम कधी आहे? मी थोडी बासरी वाजवतो."